हात देण्याचा रविवार

शनिवारी सकाळी थोरली डाव्या हाताने वेणी घालायचा प्रयत्न करत होती आणि तिची आई दाराआडून बघत उभी होती. मदतीला पुढे जायची सोय नव्हती. दोनदा गेली होती, दोन्ही वेळा थोरलीने "राहू दे गं, येतंय मला," म्हणून तिला परत पाठवले होते. येत काहीच नव्हते. उजव्या हाताची तीन बोटे एकमेकांना चिकटून एक झाली होती, त्यांच्यावरची कातडी मांडीवरून काढून लावलेली होती, आणि केसांचा पेड त्या बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होता. शेवटी तिने केस मोकळेच सोडले.

सहा आठवड्यांपूर्वी तो हात लाँड्रीतल्या इस्त्रीच्या रोलरमध्ये गेला होता. लाँड्री तिच्या सख्ख्या मामाची. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या धुतलेल्या ओल्या चादरी तिथे येत. दोन बायका दोन टोके धरून चादर तापलेल्या रोलरच्या तोंडाशी लावत आणि पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडे. त्या दिवशी चादरीचे टोक दुमडले. ते सरळ करायला थोरलीने बोटे पुढे नेली. मशीन बंद करायचे बटण समोरच्या भिंतीवर होते. कुणीतरी धावत तिथे पोहोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले.

आता उद्या मामा तिची माफी मागणार होता. सगळ्या मंडळीसमोर, देवळात.

या कुटुंबाच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. एकाने दुसऱ्याचे वाईट केले, की महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी, दोघांनी पुढे यायचे. करणाऱ्याने गुडघे टेकून चूक कबूल करायची आणि सोसणाऱ्याने आपला उजवा हात त्याच्या हातात द्यायचा. हात दिला की विषय मिटला. त्यानंतर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. काढला, तर काढणाराच पापी ठरतो. ज्याने ही रीत पाडली त्याचा हेतू चांगलाच असेल. भावाभावांनी वर्षानुवर्षे एकमेकांकडे पाठ फिरवून एकाच बाकावर बसू नये, एवढेच त्याला हवे असेल. पण चांगल्या रीतीलाही बुरशी लागते, आणि मला ती बुरशीच दाखवायची आहे. वाचताना किळस आली तर येऊ द्या. मलाही लिहिताना येते आहे.

दहाच्या सुमारास मामा आणि मामी आले. मामा अंगाने भरलेला, आवाजाने गोड, मंडळीचा पंच. उपासनेत गीताला सुरुवात तोच करून देई. थोरलीचे वडील गेल्यावर आई आणि दोन मुली अशा या तिघींना या दोन खोल्या त्यानेच मिळवून दिल्या होत्या, आणि हे तो कधी बोलून दाखवत नसे. त्याला गरजच नव्हती. बाकीचे सगळे ते त्याच्या वतीने बोलत.

"काय म्हणतोय हात?" त्याने खुर्चीत बसत विचारले. हाताकडे मात्र पाहिले नाही.

"बरा आहे."

"प्रभूची कृपा. हे बघ बाळा, उद्याचं जरा ठरवून घेऊ, म्हणजे आयत्या वेळी घोळ नको. आधी मी बोलेन. पाचेक मिनिटं. मी 'माझी भाची' असं म्हटलं की तू उठायचंस. धाडकन नको, सावकाश. आणि हात उजवाच लागतो बरं का. डावा चालेल का म्हणून मी पाळकांना विचारलं. ते म्हणाले, रीत ती रीत."

"उजवाच देईल ती," आई घाईने म्हणाली. "तू काळजी करू नकोस, दादा."

मामीने पर्समधून कागदात गुंडाळलेली पुडी काढली. आत एक पांढराशुभ्र हातमोजा होता, मनगटाशी नाजूक लेस लावलेला. "उपासनेला लहान मुलं असतात गं," ती म्हणाली. "घाबरतील बिचारी. शिवाय लगेच प्रभुभोजन असतं, लोकांना भाकर घ्यायची असते. तुझी ती तीन बोटं आहेत ना, त्यांच्यासाठी मी एकच पिशवी शिवलीय. घालून बघ, अगदी मापात आहे."

थोरलीने हातमोजा उलटसुलट करून पाहिला. टाके बारीक, सुबक होते. "माप कधी घेतलंत, मामी?"

"तू हॉस्पिटलात झोपली होतीस ना, तेव्हा."

मामीच्या चेहऱ्यावर खरेच माया होती, आणि मला सगळ्यात जास्त शिसारी त्या मायेची येते. भाची गुंगीत पडलेली असताना ही बाई टेप घेऊन तिच्या जळक्या बोटांचे माप घेत होती. बोटे जळली कशी, हे त्या घरात कुणाला विचारावेसे वाटले नाही. ती दिसू नयेत कशी, याचा विचार मात्र वेळेवर झाला होता.

निघताना मामा दारात थांबला. "धाकटीचं काम छान चाललंय हं. हात चपळ आहे पोरीचा."

धाकटी म्हणजे थोरलीची एकोणीस वर्षांची बहीण. थोरली हॉस्पिटलात गेली त्याच्या पुढच्याच सोमवारी मामाने तिला कामावर घेतले होते. त्याच लाँड्रीत, त्याच रोलरवर, थोरलीच्या जागेवर. मामा असावा तर असा, असे मंडळीत जो तो म्हणत होता.

दुपारी दुसरी पाहुणी आली. लाँड्रीत तिला सगळे घडीवाली म्हणत. पूर्वी तीही रोलरवर होती. चार वर्षांपूर्वी तिचे दोन्ही हात भाजले आणि तेव्हापासून ती इस्त्री झालेल्या चादरींच्या घड्या घाली. बोटे वळत नसल्याने ती हे काम तळहातांनी आणि कोपरांनी करी. तिनेही मामाला हात दिला होता. तिच्या क्षमेचा दाखला पाळक अजून प्रवचनात देत. आज पाळकांच्या पत्नीनेच तिला पाठवले होते, पोरीला जरा धीर दे म्हणून.

"काही नसतं गं," ती पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली. "उभं राहायचं, खाली बघायचं. ते रडतात. आपण हात द्यायचा. मग गाणं सुरू होतं आणि नंतर सगळे येऊन मिठ्या मारतात."

"आणि मग?"

"मग काय? मग चहा."

थोरली हसली. घडीवालीही हसली, आणि हसता हसता तिची नजर थोरलीच्या हातावर गेली. ती बराच वेळ तिथेच राहिली. मग ती एकदम म्हणाली, "तू दांडीवर काय वाळत घालायचीस?"

"कुठल्या दांडीवर?"

"रोलरच्या तोंडाशी आडवी आहे ती."

"ती होय. घाम पुसायचा टॉवेल. का गं?"

घडीवालीने दाराकडे पाहिले. आई स्वयंपाकघरात होती. "मी बोलायला नको खरं तर. हात दिलाय मी. विषय मिटलाय माझा." मग तिचा आवाज अगदी खाली आला. "ती टॉवेलासाठी नाहीये गं. बोटं आत जायला लागली की आधी त्या दांडीला धक्का बसतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. त्यासाठीच असते ती. पण चादरीला गाठ आली तरी धक्का बसतो. दिवसातून वीस वेळा मशीन थांबायचं. गाड्या खोळंबायच्या. म्हणून त्यांनी ती तारेनं बांधून टाकली. हलूच नये म्हणून."

"कधी?"

"माझ्या आधी."

थोरलीने तीन वर्षे त्या दांडीवर टॉवेल टाकला होता.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही? पहिल्या दिवशी नुसतं एवढं सांगितलं असतं, की बाई गं, ही दांडी बांधलेली आहे, जपून!"

"कसं सांगणार?" घडीवाली रडू लागली. डोळे पुसायला तिने मनगट वर नेले. "दांडीचं नाव काढायचं म्हणजे माझ्या हातांचं नाव काढणं आलं. विषय मिटला होता ना."

विषय मिटला होता! देवाच्या नावाने, गीत गाऊन, मिठ्या मारून एक धोक्याची सूचना पुरून टाकली गेली होती. तिच्यावर ही पोर येऊन उभी राहिली, आणि आता तिची बहीण उभी होती. त्या लाँड्रीतल्या एकाही बाईच्या मनात पाप नव्हते. सगळ्या जणी आपापल्या परीने क्षमाशील राहिल्या होत्या.

संध्याकाळी धाकटी कामावरून आली ती बडबडतच. "तायडे, आज एका हॉटेलाच्या उशीच्या अभ्र्यात कुणाची तरी कवळी निघाली! धुऊन अशी चकाचक झालेली. मी म्हटलं इस्त्री करून देऊ का?" तिने चपला काढल्या, डबा ओट्यावर ठेवला.

"ती दांडी आहे ना," थोरलीने विचारले, "ती तारेनं बांधलेली आहे अजून?"

"कुठली? माझ्या डब्याची पिशवी लटकवते ती? आहे की. चांगली घट्ट आहे, हलत नाही अजिबात."

थोरलीने तिला सगळे सांगितले. आईने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकले. धाकटीने आपल्या बोटांकडे पाहिले आणि पहिल्यांदाच तिला काही विनोद सुचला नाही.

आईला मात्र राग आला, आणि तो भावावर नव्हे. "उद्याच्या दिवशी हे काही काढू नकोस," ती थोरलीला म्हणाली. "तो स्वतःहून गुडघे टेकतोय. मालक असून. अजून काय करायचं त्यानं? तुझे बाबा गेले तेव्हा कोण उभं राहिलं आपल्या पाठीशी?"

"मामाच उभा राहिला. मी कुठे नाही म्हणतेय?"

"मग क्षमा कर त्याला."

"केलीय गं आई. केव्हाच केलीय," थोरली म्हणाली. पण आईला हे तिचे टाळणे वाटले.

रविवारी देऊळ भरले होते. एरवी मागच्या बाकांवर पेंगणारी माणसेसुद्धा लवकर येऊन पुढे बसली होती, कारण हात देण्याच्या रविवारी चांगले दिसते ते पुढूनच. बायकांनी हातरुमाल आधीच काढून मांडीवर ठेवले होते. मामा पुढे गेला, त्याने गुडघे टेकले आणि तो बोलू लागला.

"प्रभूनं आमच्या घराची परीक्षा घेतली," तो म्हणाला. "माझ्या छपराखाली एक दुःखद प्रसंग घडला. मी फार रडलो. मी जेवलो नाही. माझी झोप उडाली. माझ्या हातून कळत नकळत काही उणं राहिलं असेल, तर मी आज देवापुढे आणि तुमच्यापुढे नम्र होतो." इथे त्याचा आवाज फुटला. चारी बाजूंनी नाके ओढल्याचे आवाज आले. "माझी भाची..."

पाच मिनिटांच्या त्या माफीत तार नव्हती, दांडी नव्हती, बोटे नव्हती. होता तो मामा, त्याचे जेवण आणि त्याची झोप. त्याचे रडणे खोटे होते असेही मी म्हणणार नाही. रडणे खरे होते. ते फक्त स्वतःसाठी होते.

थोरली सावकाश उठली. पुढे जाऊन मामासमोर उभी राहिली, आणि तिने हातमोजा काढला. पहिल्या बाकावरून कुणीतरी "अगं बाई" म्हणाले. मामीने मान खाली घातली.

"मामा," थोरली म्हणाली. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचला. "मी तुम्हाला क्षमा केलीय. आज नाही, हॉस्पिटलातच. तुमच्याबद्दल माझ्या मनात विष नाही, हे देवाला माहीत आहे. रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते मी. पण मला एक सांगा. दांडीची तार काढलीत का?"

मामाने तोंड वर केले. गालांवर पाणी तसेच होते. "कुठली तार?"

"रोलरची. घडीवालीचे हात गेले तेव्हाही होती ती. माझा गेला तेव्हाही होती. काल माझ्या बहिणीनं तिच्यावर डबा लटकवला होता."

देवळात कुजबुज उठली. मामा हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, ही काय वेळ आहे का? हा आत्म्याचा विषय आहे. मशीनचं आपण घरी बोलू."

"माझा आत्मा नव्हता गेला रोलरमध्ये, मामा. हात गेला होता."

पाळक दोन पायऱ्या उतरून खाली आले. माणूस सज्जन होता, आणि भांबावला होता. "मुली, क्षमेला अट घालता येत नाही. प्रभूनं आपल्याला बिनशर्त क्षमा केली."

"क्षमेला अट नाही घातली, पाळकसाहेब. ती मी दिली, पुरती दिली. अट या हाताला आहे. हा दिला की विषय मिटतो आणि सोमवारी माझी बहीण त्या बांधलेल्या दांडीपुढे उभी राहते. तार तोडली की मी त्या मशीनपाशीच मामाला हात देईन, अगदी आनंदानं देईन. क्षमा माझ्याकडची होती. पश्चात्ताप त्यांच्याकडचा आहे, तो मी कसा देऊ?"

पाळकांनी पेटीवाल्याकडे पाहिले, आणि पेटीवाल्याला तेवढेच हवे होते. गीत सुरू झाले. नेहमी सुरुवात करून देणारा आवाज मात्र त्यात नव्हता. गीत चालू असतानाच मागच्या बाकावर घडीवाली उभी राहिली आणि काहीतरी बोलली. गाण्यात ते कुणाला नीट ऐकू गेले नाही. शेजारच्या बाईने मात्र ऐकले, ते असे होते: "माझा हात मला परत पाहिजे."

चहाच्या वेळी थोरली आणि घडीवाली या दोघींजवळ कुणी आले नाही. लोक कप घेऊन घोळक्याने उभे होते. काळीज दगडाचे आहे, एवढा मोठा माणूस गुडघ्यांवर आणि हिचा तोरा बघा, सुंदर उपासना नासवली, असे सगळे हलक्या आवाजात चालू होते. हे सगळे रोज निजताना "आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर" म्हणणारे लोक. मामी तेवढी जवळ आली. "हातमोजा दे," ती म्हणाली. "परत लागेल कुणाला तरी."

तिला आपण काय बोललो ते कळले नाही. थोरलीला कळले. तिने हातमोजा नीट घडी करून दिला.

सोमवारी सकाळी आईने चहा केला आणि कप हातात घेऊन ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. धाकटी थोरलीची वेणी घालत होती. दहा बोटे केसांतून भराभर फिरत होती, पेड इकडून तिकडे पडत होते, आणि तोंड चालूच होते. आई त्या बोटांकडे बघत राहिली. चहा निवला. मग तिने कप खाली ठेवला, खणातून नवऱ्याची जुनी पक्कड काढली आणि पदराला पुसली.

"चला," ती म्हणाली. "मीही येते."

लाँड्रीत मशीन अजून तापत होते. बायका ओल्या चादरी सोडवत होत्या. तिघी रोलरपाशी गेल्या. तार गंजली होती, पाच-सहा वेढे होते, आणि तिच्यावर टॉवेलांचे धागे अडकले होते. धाकटीने दांडी धरली आणि आईने पक्कड दाबली. वेढे एकेक करून तुटले. तार फरशीवर पडली. दांडी सैल होऊन किंचित पुढे झुकली, आणि बायकांनी हातातले काम थांबवले.

मशीन सुरू झाले. तिसऱ्याच चादरीला गाठ आली, गाठीचा दांडीला धक्का बसला आणि रोलर जागच्या जागी थांबला. इतकी वर्षे ज्या खोलीत दिवसभर कान किटत असत, तिथे एकदम शांतता झाली. ती शांतता ऐकून मामा ऑफिसातून बाहेर आला.

"काय झालं? कुणी केलं हे?"

"मी केलं," आई म्हणाली. "दादा, एक मिनिटसुद्धा लागलं नाही रे."

मामाने दांडीकडे पाहिले. मग बायकांकडे. घडीवाली घड्यांच्या टेबलापाशी उभी होती. ती म्हणाली, "दांडी पुन्हा बांधलीत तर आज चादर लागणार नाही." इतर बायकांपैकीही कुणी चादरीची टोके उचलली नाहीत.

"बरं, बरं," मामा म्हणाला. "बघू काय ते." तो वाकला, फरशीवरची तार त्याने गोळा केली आणि खिशात घातली. एवढा नीटनेटका माणूस, कचऱ्याचा डबा चार पावलांवर होता, पण त्याने ती खिशात घातली आणि हातही तिथेच ठेवला.

थोरलीने ते पाहिले. ती पुढे आली आणि तिने उजवा हात त्याच्यासमोर धरला. हातमोजा नव्हता.

"मी शब्द दिला होता, मामा. तार टाकून द्या आणि हात द्या."

त्या मंडळीत आजही सांगतात की थोरलीने मामाला हात दिला नाही. तिचे मन मोठे नाही, असे सांगणाऱ्यांत पुढच्या बाकावरचे सगळे आहेत. त्या सकाळी लाँड्रीत असलेल्या बायकांना मात्र कुणी काही विचारत नाही. विचारले तर त्या सांगतील, की थोरलीचा हात पुढे होता. चादर अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबत होती. पाळक नव्हते, पेटी नव्हती, कुणाच्या मांडीवर रुमाल नव्हता. थोरलीचा हात भरून आला आणि खाली पडायला लागला, तेव्हा तिने डाव्या हाताचा आधार दिला, पण तो मागे घेतला नाही.

मामाला फक्त खिशातून हात काढायचा होता. त्या हाताच्या मुठीत तार होती.